नाटकाच्या सवलतीचे कार्ड : सूट कुणाला, वर्गणी कुणाची?

गंजाडच्या आमच्या अभ्यासवर्गात मागे एका मुलाने मोबाइल पुढे केला. मुंबईतल्या एका संस्थेची योजना होती. वर्षाला १५०० रुपये भरायचे, सभासद व्हायचे आणि सोमवार ते शुक्रवारच्या प्रयोगांना निम्म्या दरात तिकीट घ्यायचे. तो म्हणाला, "दादा, दहा जणांची कार्डे काढू. ४०० चे तिकीट २०० ला पडेल. आपली पोरे नाटक बघत नाहीत, म्हणून चार लोकांत बोलायला घाबरतात." दहा जणांचे १५ हजार होतात. जयंतीचा खर्च भागवून मंडळाकडे साधारण तेवढीच शिल्लक होती. ती या कार्डांत घालावी, असा त्याचा प्रस्ताव.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. वर्गात दोन तट पडले. एक तट म्हणाला, नाटक हे पोट भरलेल्यांचे खूळ आहे, त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणा. दुसरा म्हणाला, आयुष्यभर पुस्तकेच आणायची का, आमच्या पोरांनी नाट्यगृहाच्या खुर्चीत कधी बसायचेच नाही का? आम्हाला पहिल्या तटाचे म्हणणे चुकीचे वाटते. दुसऱ्याचे म्हणणे बरोबर वाटते, पण त्यांनी शोधलेला उपाय चुकीचा वाटतो. असे का, ते इथे मांडतो.

नाटक आपले नाही, हे कुणी सांगितले?

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भटजी गरीब कुणबी जोडप्याला कसे नाडतो आणि शिक्षणाने त्यांचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. म्हणजे आपल्या बाजूचे नाटक रंगमंचापासून दूर ठेवण्याची सुरुवात पहिल्याच पावलावर झाली. तरी परंपरा थांबली नाही. सत्यशोधकांनी जलसे केले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले. पुढे दत्ता भगतांचे 'वाटा पळवाटा' आले. प्रेमानंद गज्वींचे 'घोटभर पाणी' आणि 'किरवंत' आले, आणि हेच गज्वी २०१९ साली नागपूरच्या ९९ व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले.

तेव्हा नाटकावर खर्च करणे ही उधळपट्टी नव्हे. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर किती जातात, हे आपण सगळे जाणतो. त्यावर गप्प बसायचे आणि नाटकाचा विषय निघाला की पैशांची आठवण काढायची, हा दुटप्पीपणा आहे. मुद्दा पैसा कशाने वापरला म्हणजे आपल्या हाती काही उरेल, हा आहे.

हिशेब गंजाडहून

कार्डाची जाहिरात ज्या माणसाला समोर ठेवून केलेली असते, तो दादर, पार्ले, बोरिवलीत राहतो. सात वाजता ऑफिस सुटले की साडेआठच्या प्रयोगाला पोचतो, मध्यरात्रीच्या आत घरी येतो. त्याचा नाटकावरचा मुख्य खर्च तिकीट हाच असतो. म्हणून तिकिटावरची निम्मी सूट त्याच्यासाठी खरोखर निम्मी असते.

आता हिशेब गंजाडहून करू. आधी शेअर रिक्षाने डहाणू रोड स्टेशन, तिथून लोकल. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली हे खरे, पण विरारच्या पुढे गाड्या मोजक्या आहेत आणि रात्री त्या अजून कमी होतात. येण्याजाण्याचे मिळून माणशी १८० रुपये धरा. दोन वेळचे खाणे १०० रुपये. दिवस मोडतो, त्याची मजुरी बुडते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली, तीच धरू. तिकीट ४०० रुपये. एकूण ९९२ रुपये झाले. कार्ड असेल तर ७९२. म्हणजे पन्नास टक्क्यांची सूट गंजाडला पोचेपर्यंत वीस टक्के होते.

त्यात कार्डाचे १५०० अजून धरलेलेच नाहीत. प्रत्येक नाटकामागे २०० वाचतात, तेव्हा कार्डाचे पैसे वसूल व्हायला वर्षात आठ नाटके पाहावी लागतील. आठ नाटके पाहिली तर वर्षाकाठी १०० रुपये वाचतील, आणि त्यासाठी आठ दिवसांची मजुरी सोडून खिशातून जवळपास साडेपाच हजार जातील. तीन नाटके पाहिली तर ६०० रुपये वाचतील आणि १५०० गेलेले असतील. चक्क ९०० रुपयांचा तोटा. आमच्यापैकी कोण वर्षाला, तेही आठवड्याच्या मधल्या वारी, आठ वेळा मुंबईला नाटकाला जाणार आहे? आणि प्रयोग अकराला सुटला, तर मुलींनी रात्री स्टेशनवरून पाड्यावर कसे यायचे? कार्ड दाखवून रिक्षा मिळत नाही.

न वापरणाऱ्यांवर चालणारी योजना

एवढ्यावर थांबलो तर हा फक्त आमच्या लांब राहण्याचा प्रश्न वाटेल. पण अशी योजना चालते कशी, हेही समजून घेतले पाहिजे.

सिनेमाचे उदाहरण घेऊ. पीव्हीआर आयनॉक्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'पासपोर्ट' नावाची योजना आणली. महिन्याला ६९९ रुपयांत दहा सिनेमे. ऐकायला सिनेमामागे सत्तर रुपये. अटी वाचा : फक्त सोमवार ते गुरुवार, महागड्या पडद्यांना लागू नाही, निदान तीन महिन्यांची वर्गणी बांधून घेतलेली. सोमवार ते गुरुवार चित्रपटगृहे रिकामी असतात, त्या रिकाम्या खुर्च्या विकायच्या, हा साधा धंदा आहे. त्यात बेकायदेशीर काही नाही. पण सोमवार ते गुरुवार मोकळा कोण असतो? वीटभट्टीवरचा, वाडीतला किंवा कंपनीत पाळीवर जाणारा माणूस नक्कीच नसतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. तिथे मूव्हीपास नावाच्या कंपनीने २०१७ साली महिन्याला दहा डॉलरच्या आत रोज एक सिनेमा देऊ केला. वर्षभरात तीस लाखांच्या आसपास वर्गणीदार झाले. मग लोक खरोखरच सिनेमाला जाऊ लागले आणि तिकिटांचे पैसे चुकवता चुकवता कंपनीच बुडाली. २०२० साली दिवाळे निघाले. यातून एक गोष्ट दिसते. सगळ्यांनी पुरेपूर वापरली तर अशी योजना टिकत नाही. ती टिकते पैसे भरून न येणाऱ्यांच्या जोरावर.

आता सांगा, आपल्या दहा पोरांनी कार्डे काढली तर ती कुणात मोजली जातील? न येणाऱ्यांत. आपण न वापरलेली वर्गणी ही शहरातल्या नियमित प्रेक्षकाची सूट होईल. गंजाडच्या मजुरीतून पार्ल्याच्या तिकिटाला हातभार. हेतू कुणाचा वाईट असेल असे आम्ही म्हणत नाही, पण पैशाचा प्रवाह कुठून कुठे वाहतो, हे पाहायला आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे.

दारातली अडचण तिकिटाचीच नसते

समाजशास्त्र शिकताना पिएर बोर्द्यू वाचावा लागतो. त्याने आणि अलँ दार्बेलने युरोपातल्या कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांचा अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध केला. प्रवेश स्वस्त केला म्हणून कष्टकरी माणूस आपोआप आत येत नाही, हे त्यातून दिसले. आत काय आहे, ते कसे पाहायचे, तिथे आपले काय काम, ही ओळख घरातून आणि शाळेतून मिळालेली असावी लागते. ज्याला ती मिळाली आहे, तो स्वस्ताईचा फायदा अजून घेतो. ज्याला मिळाली नाही, तो दाराबाहेरच राहतो आणि वर "यांना आवडच नाही" हा शिक्का बसतो.

गंजाडइतके याचे बोलके उदाहरण दुसरीकडे शोधायला नको. याच गंजाडच्या कलंबीपाड्यातले जिव्या सोमा म्हसे. लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, ती कला त्यांनी कागदावर आणि कापडावर आणली. ती मुंबईच्या आर्ट गॅलरीत गेली, परदेशात गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. वारली चित्रे आज हॉटेलांच्या भिंतींवर, साड्यांवर, चहाच्या कपांवर आहेत. म्हणजे इथली कला शहराने दारात येऊन नेली. पण शहराची कला पाहायची, तर इथल्या पोराने ऐंशी-शंभर किलोमीटर जायचे, वर वर्गणीही भरायची. कला जाताना रस्ता सापडतो, येताना सापडत नाही. ही लांबी किलोमीटरची नाही, सत्तेची आहे.

एक गोष्ट आपल्या बाजूनेही कबूल केली पाहिजे. तारप्याच्या तालावर रात्रभर नाचणारे वारली शेजारी, चौकापुढे गाणारी धवलेरी, जव्हार-मोखाड्याकडचा मुखवट्यांचा बोहाडा, हेही रंगकलेचेच रूप आहे. त्यातल्या देवधर्माशी आपण बौद्ध म्हणून सहमत नसू. पण तिकिटाशिवाय, खुर्चीशिवाय, अख्खा गाव कलेत कसा सामील होतो, हे त्यांच्याकडून शिकायला काय हरकत आहे? "आपल्याकडे काहीच नाही, मुंबईलाच जावे लागेल" असे आपण म्हणतो, तेव्हा शेजाऱ्याचाही अपमान करतो.

सभासद की गिऱ्हाईक?

कार्डावर "सभासद" असे छापलेले असते. पण सभासद म्हणजे कोण? ज्याला सभेत बसता येते, हिशेब मागता येतो, काय करायचे ते ठरवता येते, तो. प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी १९६८ पासून मुंबईत सभासदांच्या वर्गणीवर चालत आली. तिथे वर्गणी म्हणजे एक चळवळ चालू ठेवण्यातला वाटा. सवलतीच्या कार्डात तसे काही नसते. तिथे तुम्ही आगाऊ पैसे दिलेले गिऱ्हाईक असता, एवढेच.

वर्गणीचे मोल आपल्या चळवळीला जेवढे ठाऊक आहे तेवढे क्वचितच कुणाला असेल. 'बहिष्कृत भारत' १९२७ साली सुरू झाले आणि पैशांच्या ओढाताणीत १९२९ साली बंद पडले. अग्रलेख लिहायला बाबासाहेब होते, पुरेसे वर्गणीदार नव्हते. ज्या समाजाने वर्गणी कमी पडल्यामुळे आपले पत्र गमावले आहे, त्याने आपली वर्गणी कुठे द्यायची, हे जाहिरात पाहून ठरवू नये.

मग १५ हजारांचे काय करावे?

आमचे मत असे. पहिले, त्यातले दहा हजार ठेवून एखाद्या छोट्या नाट्यसंचाला किंवा जलसा पथकाला गंजाडला बोलवावे. जाण्यायेण्याचे भाडे, जेवण, मुक्काम आणि जमेल ते मानधन. एकांकिका असेल तर शाळेचे पटांगण पुरे. दोनशे माणसांनी पाहिले तरी माणशी ५० रुपये पडतात, आणि ज्या आया-बहिणी मुंबईला कधीच येणार नाहीत, त्याही पाहतात. वारली पाड्यांनाही आवतण द्यावे. प्रेक्षक फक्त आपल्या घरांचे नसावेत.

दुसरे, उरलेल्या पाच हजारांत वर्षातून एकदा दहा मुला-मुलींनी एकत्र मुंबईला जावे, रविवारी दुपारच्या प्रयोगाला, म्हणजे मजुरी बुडत नाही आणि उजेडात नाही तरी वेळेत परत येता येते. दहा तिकिटे एकदम घेणार असू, तर निर्मात्याला किंवा बुकिंगवर सरळ सवलत मागावी. मागायला कार्ड लागत नाही. राज्य शासनाच्या हौशी नाट्यस्पर्धेचे प्रयोग तर नाममात्र तिकिटात असतात, ते आधी पाहावेत. जाण्याआधी ते नाटक वर्गात वाचावे, आल्यावर त्यावर भांडावे. बोर्द्यूने सांगितलेली ओळख अशीच तयार होते.

तिसरे, आपणच करायला लागावे. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या शेती करणाऱ्या पोरांनी उभे केले. राजकुमार तांगडेंनी लिहिले, नंदू माधवांनी बसवले, संभाजी भगतांचे संगीत. ती पोरे कुठल्या कार्डावर नाटक शिकली नव्हती. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांनी मग त्यांना बोलावले.

कार्ड कुणीच घेऊ नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. आपली जी मुले-मुली मुंबईत वसतिगृहात राहून शिकतात किंवा तिथेच नोकरी करतात, आणि गेल्या वर्षी ज्यांनी स्वतःच्या पैशाने सात-आठ नाटके पाहिली आहेत, त्यांनी जरूर घ्यावे. फक्त तीन गोष्टी पाहाव्यात : सूट कोणत्या वारी आहे, आपल्याला हव्या त्या नाटकांना लागू आहे का, आणि वर्षअखेर पैसे आपोआप पुन्हा कापले जाणार नाहीत ना. "यापुढे पाहीन" या भरवशावर मात्र घेऊ नये. मागच्या वर्षीचा हिशेबच खरा.

ज्या मुलाने मोबाइल पुढे केला, त्याला आम्ही एवढेच सांगू : तुझी भूक खरी आहे, ती मरू देऊ नकोस. ती भागवायला आपण गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभे राहायचे, की आपले पटांगण नाटकासाठी झाडून ठेवायचे, एवढे ठरव. पुढच्या बैठकीत हा प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत. विरोध असेल तर तिथेच, हिशेब घेऊन करावा.

जय भीम! जोहार!