लेथ घ्या, पण आधी टर्नर शोधा

आमच्या धंद्यात सध्या एक नवीनच साथ आली आहे. आठवडाभर स्क्रीनकडे बघून वैतागलेली मंडळी शनिवारी काहीतरी "खरंखुरं" करायला निघतात. कुणी पाव भाजतो, कुणी सुतारकाम करतो. आणि एखादा यूट्यूबवर लोखंडाची चकचकीत सालं निघताना बघतो आणि म्हणतो, आपल्याला लेथ पाहिजे! (मी याच शेवटच्या जमातीतला.)

मुंबईकराला जुना लेथ बघायचा तर पालघर-बोईसर सोयीचं. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. पालघरला छोट्या गाळ्यांच्या इस्टेटी, बोईसरला उतरलं की तारापूर एमआयडीसी. केमिकल, कापड, पोलाद असे कारखाने म्हटले की पंपाचे शाफ्ट, बुश, फ्लँज यांची दुरुस्ती आली, आणि दुरुस्ती आली की लेथ आलाच. गाळेवाल्याने सीएनसी घेतलं की जुना लेथ कोपऱ्यात सरकतो. तिथून पुढचा स्टॉप भंगार.

तर असा लेथ घेताना आपण लोक काय करतो? स्पेसिफिकेशनचं एक्सेल बनवतो. एचएमटी की किर्लोस्कर, बटाला की राजकोट, साडेचार फुटी की सहा फुटी. माझं म्हणणं असं की हे एक्सेल बाजूला ठेवा आणि एखाद्या अनुभवी टर्नरला त्याची दिवसाची पूर्ण मजुरी देऊन सोबत न्या. जुन्या लेथची किंमत कंपनीच्या नावात कमी आणि तो कसा वापरला गेला यात जास्त असते. ते वाचता येणारा माणूस हवा.

उदाहरण देतो. बेडची झीज सगळ्यात जास्त चकजवळ होते, कारण बहुतेक काम तिथेच चालतं. टर्नर कॅरेज चकजवळ नेऊन जेमतेम सरकेल इतकी घट्ट करतो आणि मग टेलस्टॉककडे नेतो. तिकडे ती अडकली तर बेड चकजवळ खाल्लेला आहे. नवीन रंगाखाली हे दिसत नाही, हाताला मात्र कळतं. क्रॉस स्लाइडचं हँडल थोडं रिकामं फिरतं म्हणून नवखे घाबरतात. ते नट बदलून सुधारतं. बेड परत ग्राइंड करणं हा मात्र लेथच्या किमतीला भारी पडणारा खर्च. म्हणजे पैसे द्यायचे ते न सुधारणाऱ्या भागासाठी.

मग खरी टेस्ट. जाडसर बार चकमध्ये धरायचा, टेलस्टॉकचा आधार न देता हलका कट घ्यायचा आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावायचा. व्यास वेगळा आला तर बेड झिजलाय, की हेडस्टॉक हललाय, की लेथ नुसता लेव्हलमध्ये नाही? आकडा आपल्यालाही वाचता येतो. त्याचं कारण टर्नर सांगतो.

चेंज गिअर मोजून घ्या. त्यात १२७ दातांचा गिअर आहे का बघा. आपल्याला १२७ म्हणजे साइन्ड बाइटमधली सगळ्यात मोठी संख्या. पण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. जुन्या इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे नेमके आटे पाडायचे तर हाच गिअर लागतो.

विजेचं आणि जागेचं आधीच ठरवा. गाळ्यातला लेथ बहुधा थ्री फेजवर चालतो. घरच्या सिंगल फेजवर चालवायला व्हीएफडी लागेल आणि मोटरची जोडणी बदलता येते का हे इलेक्ट्रिशियनने बघायला हवं. साडेचार फुटी लेथही काहीशे किलोचा असतो. विरारच्या तिसऱ्या मजल्यावर नेण्याचा विचारही करू नका. गाळ्यातला एखादा कोपरा भाड्याने मिळाला तर उत्तम, शेजारी शिकवणारे असतात.

हा शेजार सगळ्यात महत्त्वाचा. लेथमध्ये अनडू नाही. हातमोजा, लांब बाही, चकमध्ये विसरलेली चावी, यातलं काहीही बोटं किंवा जीव घेऊ शकतं. यूट्यूबवर हे ऐकलेलं असतं, पण तुम्ही बाही खाली ठेवून स्विचकडे हात नेलात की "थांब रे!" म्हणून ओरडणारे काका यूट्यूबवर नसतात.

आपण कन्सल्टंटला तासाचे किती देतो ते आठवा. ज्यांनी तीस-चाळीस वर्षं या मशीनवर काढली, त्यांच्या दिवसाच्या मजुरीत मात्र आपण शंभर रुपये पाडून मागतो. त्यांचं ज्ञान कुठेच लिहिलेलं नाही. काका रिटायर होऊन गावी गेले की ते ज्ञानही जातं. लेथ काय, भंगारातूनही परत आणता येईल.