गोंगाट उगमापाशीच रोखा
पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा मार्ग खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमुळे बदलण्याचं ठरलं आणि जुन्नर-आंबेगावकरांचा हिरमोड झाला. त्यांची नाराजी रास्त आहे. पण दुर्बिणीची अडचणही तितकीच खरी आहे. खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. विजेच्या इंजिनातला इन्व्हर्टर मात्र मोटरचा वेग सांभाळायला सेकंदाला शेकडो वेळा वीज चालू-बंद करतो आणि प्रत्येक झटक्यासरशी नको त्या लहरी बाहेर पडतात. वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या पेंटोग्राफच्या ठिणग्या त्यात भर घालतात. हा त्रास रेल्वेपुरता नाही; पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांत मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्हही याच जातीचे. तिथे सेन्सर भलतेच आकडे दाखवू लागला, की अनेकदा मोटरची केबल आणि सिग्नलची वायर एकाच ट्रेमधून नेलेली सापडते. कारखान्यापुरते उपाय ठाऊक आहेत: जाळीच्या कवचाची केबल, कवचाच्या दोन्ही टोकांना पक्कं अर्थिंग, ड्राइव्हला फिल्टर. रेल्वेचं काम अधिक अवघड आहे, म्हणूनच रेल्वेचे अभियंते आणि खगोलशास्त्रज्ञ यांनी आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून एकत्र बसलं पाहिजे. मार्ग आखून झाल्यावर जाग आली, तर भुर्दंड प्रवाशांनाच पडतो.