चर बुजवण्याआधी
३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत विजेचे खांब आडवे केले; कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात राहिली. खांब आपल्या हातात नाहीत, पण खांबापासून मीटरपर्यंतची वायर आहे. कोकणात नवे घर बांधताना ती जमिनीखालूनच न्या, म्हणजे झावळी पडून तुटणार नाही. जोत्याचे काम चालू असतानाच परवानाधारक ठेकेदाराकडून पाऊण मीटर खोल चर खणून घ्या: तळाला वाळू, त्यावर आर्मर्ड केबल, पुन्हा वाळू, वर विटांचा थर आणि धोक्याची पट्टी. इंटरनेटसाठी वेगळा पाइप टाका. चर बुजवण्याआधी भिंतीपासूनची मापे कागदावर उतरवा, फोटो काढा. पुढे माडासाठी खड्डा खणणाऱ्याचा जीव त्यामुळेच वाचेल.