कळकलेली आमटी

पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की त्यात केलेली आमटी कळकते. चिंचेचा आंबटपणा धातूला लागतो आणि जिभेवर एक तुरट, मळमळ आणणारी चव बसते. हल्ली घरोघरी स्टील, त्यामुळे चाळिशीच्या आतल्या वाचकांना ‘कळकणं’ म्हणजे काय ते आजीला विचारावं लागेल. मला नाही विचारावं लागत. गेले पाच महिने माझं तोंड म्हणजेच कल्हई उडालेलं पातेलं होतं.

लिंफोमा निघाला, सहा केमो ठरल्या, दर 21 दिवसांनी एक. त्यातला एकेक दिवस हॉस्पिटलात जायचा, उरलेले वीस घरात. शेजारीपाजारी विचारायचे, “केमो कधी आहे?” मला सांगावंसं वाटे, आत्ता चालूच आहे की. सलाईन काढून नर्स ‘झालं’ म्हणते तेव्हा ते तिच्यापुरतं झालेलं असतं.

पहिले पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. तेव्हा झोप उडायची आणि अंगात वारं शिरायचं. एकदा रात्री दोन वाजता मी माळ्यावरची ट्रंक काढून जुन्या पासबुकांची वर्षवार चळत लावली. सहाव्या दिवशी गोळ्या बंद, आणि अंग असं गळाठायचं की चमचासुद्धा जड. याला लोक ‘थकवा’ म्हणतात. थकवा झोपेनं जातो. हा उठल्यावर उशाशीच बसलेला असायचा.

त्यानंतरचा आठवडा सगळ्यांत धास्तीचा. औषध झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर धावून जातं. गाठ झपाट्यानं वाढते, पण केसांची मुळं, तोंडाचं अस्तर आणि हाडांतली मज्जाही तशाच वाढतात. आपलं-परकं ओळखणं त्याला जमत नाही. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. बायकोनं भिंतीवरच्या कालनिर्णयात, जिथे एरवी दुधाचे खाडे लिहितो त्या चौकोनांत, पेशींचे आकडे लिहायला घेतले. संकष्टीच्या चंद्रोदयाशेजारी ‘पांढऱ्या 1100’. त्या आठवड्यात कोशिंबीर बंद, भेटायला येणारे दारातूनच परत, आणि थर्मामीटर माझ्या खिशात. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप 100.4च्या वर गेला की गोळी घेऊन झोपायचं नाही, निघायचं. तिसऱ्या केमोनंतर एका रात्री 100.8 भरला. मी म्हणालो, सकाळी बघू. बायको काही बोलली नाही, तिनं गाडीची किल्ली घेतली. तीन दिवस शिरेतून अँटिबायोटिक घेऊन परतलो. ‘सकाळी बघू’ हे दोन शब्द आमच्या घरात आता कुणी उच्चारत नाही, नळ गळत असला तरी.

सल्ल्यांचं विचारू नका. गव्हांकुर, गोमूत्र, पपईच्या पानांचा रस. एका स्नेह्यांनी फोनवरून सदाफुलीची पानं चावायला सांगितली. ‘परदेशात त्यापासूनच कॅन्सरचं औषध काढलंय’ हे त्यांचं वाक्य मात्र खरं होतं. 1958 साली कॅनडात नोबल आणि बिअर या दोघांनी सदाफुलीतून एक द्रव्य वेगळं केलं. खरं तर ते मधुमेहावर उतारा शोधत होते. उंदरांची साखर हलेना, पण पांढऱ्या पेशी उतरल्या आणि त्या अपयशातून औषध निघालं. त्याच झाडातलं व्हिंक्रिस्टीन दर केमोला माझ्या शिरेत जायचं, तेही मिलिग्रॅममध्ये मोजून. अंदाजानं पानं चावणं म्हणजे विषाशी खेळ. आई रोज तीच फुलं देवाला वाहते. तिला हे सांगितलं तेव्हा तिनं फुलाकडे जरा रोखून पाहिलं आणि वाहिलं.

या सदाफुलीनंच माझी बोटं नेली. टोकांना सतत मुंग्या, आणि शर्टाची बटणं लागेनात. शेवटची केमो होऊन सात आठवडे झाले, तरी वरचं बटण मुलगाच लावतो. तो लावताना मी छताकडे बघतो, तोही माझ्याकडे बघत नाही. डॉक्टर म्हणतात, नसांना वेळ लागतो, महिने लागतील.

शेवटची केमो झाली तेव्हा पेढे वाटले गेले. फोन आले, “सुटलात एकदाचे!” मीही सुटलो असंच समजत होतो. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दूध केंद्रापर्यंत गेलो आणि परतताना दोन कट्ट्यांवर बसावं लागलं. उपचार चालू असताना पडून राहायला कारण होतं. आता तेही संपलं. घरातल्यांच्या नजरेत ‘मग आता काय?’ असं आहे की काय, असा मला उगाच संशय येई. केस मात्र उगवले. इतके मऊ, की आई त्याला जावळच म्हणते, आणि मामाला बोलावून काढून घेऊ या का, असं विचारते. मामा वारून अकरा वर्षं झाली.

जीभ सगळ्यांत शेवटी आली. चवीच्या पेशी म्हणे साधारण दहा दिवसांत नव्या होतात, पण माझ्या कल्हईवाल्यानं वायदे फार केले. चहात लोखंड, वरणात लोखंड. मीठ तर लागतच नसे. रोज जेवताना मी म्हणायचो, “अळणी आहे,” आणि बायको निमूटपणे मिठाची बरणी काढायची. आई हल्ली आमटीच्या वाटीत तांब्यातलं पाणी ओतून घेते, ते मी पाहत होतो. वयपरत्वे पातळ आवडत असेल, असं मनाशी म्हणत होतो.

गेल्या गुरुवारी सकाळी चहा चहासारखा लागला. कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. दुपारी आमटीचा पहिला भुरका घेतला. चिंच लागली, गूळ लागला, गोडा मसाला लागला, आणि पाठोपाठ मी वाटी खाली ठेवली.

“अगं, आज मीठ दोनदा पडलं का? खारट ढोण झालीय.”

बायको पोळी भाजायची थांबली. मुलानं ताटातून मान वर केली.

“बाबा, आम्ही चार महिने हीच खातोय.”

आईनं तांब्या माझ्याकडे सरकवला.