औषधालयाचे सांडपाणी

'जगाचे औषधालय' ही भारताची बिरुदावली आता सर्वमान्य झाली आहे आणि तिचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र या औषधालयाचे सांडपाणी जाते कोठे, हे आपण फारसे विचारले नाही. ते विचारले स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. हैदराबादजवळ पटनचेरू येथील सामायिक प्रक्रिया केंद्रात सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी येत असे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, त्या केंद्रातून प्रक्रियेनंतर बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहूनही अधिक! अशा पाण्यात तगून राहतात ते औषधाला दाद न देणारे जिवाणू. आपल्या नाल्याचे दुखणे परक्या प्रयोगशाळेने सांगावे, याची खंत जरूर वाटावी. पण म्हणून निदान खोटे ठरत नाही.

या दुखण्यावर सूक्ष्म शैवालाचा उपाय सध्या चर्चेत आहे. उथळ, सतत ढवळल्या जाणाऱ्या तळ्यात क्लोरेला, सीनडेस्मस यांसारखी शैवाले वाढवायची, ही कल्पना कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी गेल्या शतकाच्या मध्यास विकसित केली. शैवाल सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते, त्यावर जिवाणू घाण कुजवतात, आणि हवा पंपाने भरण्याचा विजेचा खर्च वाचतो. औषधाचा काही अंश शैवालाच्या पेशींना चिकटतो, काही पेशीत शिरून विघटित होतो. सिप्रोफ्लॉक्सासिनचा नाश तर उथळ पाण्यात मुख्यतः उन्हानेच होतो, आणि ऊन आपल्याकडे मुबलक आहे.

तथापि शैवाल म्हणजे रामबाण नव्हे. फेफऱ्यावरचे कार्बामाझेपिन त्याला फारसे जुमानत नाही. तळ्यांना जागा मोठी लागते. काढलेल्या शैवालात औषध उरले असेल, तर खत म्हणून ते शेतात टाकणे म्हणजे विष फिरून ताटात आणणे. पटनचेरूसारखे तीव्र सांडपाणी तर शैवालालाच मारक ठरू शकते. ते कारखान्याच्या आवारातच निवळले पाहिजे. शैवालाचे काम अखेरच्या टप्प्यावरचे.

खरी अडचण विज्ञानाची नाहीच. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून नेमक्या त्याच मर्यादा गळाल्या, हे खेदाने नमूद करावे लागते. सरकार कोणाचे आहे, हे पाहून जिवाणू वागत नाहीत. मर्यादाच नसेल, तर कोणता कारखानदार तळ्यासाठी जागा सोडेल? त्या मर्यादा पुन्हा अधिसूचित झाल्या पाहिजेत. तोवर महाराष्ट्राने वाट पाहण्याचे कारण नाही. औषध कारखान्यांची दाटी असलेल्या तारापूरच्या सामायिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील प्रतिजैविके नागपूरच्या 'नीरी'ने दरमहा मोजावीत आणि ते आकडे जनतेपुढे ठेवावेत.