मतदारयादीबाहेरचा विद्यार्थी

निवडणूक जवळ आली की महाविद्यालयीन तरुणांना उपदेश करण्याची प्रथा आपल्याकडे आता रूढ झाली आहे. ‘मतदान हे पवित्र कर्तव्य’ असे फलक लागतात, प्रभातफेऱ्या निघतात, शपथा दिल्या जातात. आणि टक्केवारी घसरली की तरुणांच्या उदासीनतेविषयी चारचौघांत हळहळ व्यक्त होते. या साऱ्यात एक साधी गोष्ट नजरेआड होते. ज्याचे नाव यादीतच नाही त्याला मतदानाचे आवाहन करणे म्हणजे शिधापत्रिका नसलेल्या माणसाला स्वस्त धान्याचे महत्त्व पटवून देणे होय.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशात अठरा-एकोणीस वर्षांचे सुमारे १ कोटी ८० लाख मतदार नोंदले गेले होते. त्या वयोगटाची अंदाजित लोकसंख्या सुमारे ४ कोटी ९० लाख होती. म्हणजे दर दहा तरुणांपैकी पुरती चौघांची नावेदेखील यादीत आली नाहीत. उरलेल्यांना उदासीन म्हणणे अन्यायाचे आहे, कारण उदासीन राहण्यासाठीही आधी अधिकार हाती असावा लागतो. प्रश्न मनोवृत्तीचा असेल, पण त्याआधी तो नोंदणीचा आहे. आणि नोंदणीचा प्रश्न हा संघटनेने सोडवायचा प्रश्न आहे.

अठराव्या वर्षी मताचा अधिकार ही काही आकाशातून पडलेली देणगी नव्हे. स्वातंत्र्यापूर्वी मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या तागडीत तोलला जात असे. घटनेने ती तागडी मोडली आणि कलम ३२६ अन्वये प्रौढ मतदान आणले. परंतु वयाची अट एकवीस वर्षांची ठेवली. या अटीतील विसंगती पुढे फार ठळकपणे दिसली. १९७४ मध्ये गुजरात आणि बिहारमधील विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांच्या आंदोलनाने देशाच्या राजकारणाची दिशा बदलली. परंतु ज्याने त्या वर्षी, वयाच्या सतराव्या वर्षी, मिरवणुकीत पाऊल टाकले, त्याला मार्च १९७७ च्या ऐतिहासिक निवडणुकीत मत देता आले नाही. लाठी खाण्यास तो प्रौढ होता, मत देण्यास मात्र अज्ञान! ६१ व्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून ही विसंगती दूर केली. तिला आता साडेतीन दशके उलटून गेली. कायद्याने दिलेला अधिकार कागदावरून मतपेटीपर्यंत पोचवण्याचे काम मात्र अपुरेच आहे.

यादीबाहेर राहतो तो विद्यार्थी कोण, हे नीट पाहिले पाहिजे. ज्याचे आईबाप त्याच शहरात स्वतःच्या घरात राहतात, त्याचे नाव बहुधा घरच्यांबरोबर लागते आणि मतदान केंद्र पाच मिनिटांच्या वाटेवर असते. नाव राहते ते नांदेड-लातूरहून पुण्यास, गडचिरोलीहून नागपुरास शिकायला आलेल्याचे. तो वसतिगृहात किंवा चौघांत घेतलेल्या खोलीत राहतो. गावच्या यादीत त्याचे नाव असलेच, तर मताच्या एका दिवसासाठी त्याला जाण्यायेण्याचे भाडे मोजावे लागते. आणि तो ‘कमवा व शिका’ योजनेत किंवा एखाद्या दुकानात काम करीत असेल, तर बुडालेल्या दिवसांचे पैसेही गमवावे लागतात. घटनेने सर्वांच्या मताचे मूल्य समान ठरवले. पण ते मत देण्याची किंमत गरीब विद्यार्थ्याला अधिक पडते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा एक छुपा मतदानकरच आहे, आणि तो नेमका ज्याला परवडत नाही त्याच्यावर बसतो. मुलींच्या बाबतीत त्याला आणखी एक जोड मिळते. ‘लग्न झाल्यावर सासरच्या पत्त्यावर नाव लावू’ असे म्हणून अनेक घरांत मुलीची नोंदणी लांबणीवर टाकली जाते. जणू ती नागरिक होते ती लग्नानंतरच!

या कराला उतारा कायद्यातच आहे, पण तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. मतदार होण्यासाठी त्या ठिकाणी घर मालकीचे असावे लागत नाही. तेथे सर्वसाधारणपणे वास्तव्य असावे लागते. मान्यताप्राप्त, किमान एक वर्षाच्या अभ्यासक्रमात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपले नाव आईवडिलांच्या गावी ठेवायचे की शिकतो त्या ठिकाणी वसतिगृहाच्या वा खोलीच्या पत्त्यावर लावायचे, याची निवड करता येते. प्राचार्यांचा दाखला जोडून नवे नाव नमुना क्रमांक ६ ने नोंदवता येते, आणि आधीचे नाव नमुना क्रमांक ८ ने स्थलांतरित करता येते. मात्र दोन्हीकडे नाव ठेवणे बेकायदा आहे, हेही विद्यार्थ्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. पूर्वी केवळ १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख असे. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणारा वर्षभर ताटकळत राही. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्जही करता येतो.

येथे एक चतुर विद्यार्थी हमखास विचारतो : लाखोंच्या मतदारसंघात माझ्या एका मताने काय होणार? हा प्रश्न पोरकट नाही. अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली लिहिलेल्या ग्रंथात तो शास्त्रीय रीतीने मांडला होता. एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य असेल, तर मत देण्याचे कष्ट तर्काने समर्थनीय कसे ठरतात, असा तो पेच आहे. परंतु या तर्कात मत ही एकट्यादुकट्याची खरेदी मानलेली आहे. प्रत्यक्षात उमेदवार एकेका मताचा हिशेब करीत नाही. तो यादीचा भाग पुढे घेऊन बसतो आणि वस्तीवस्तीचे, गटागटाचे गणित मांडतो. तीन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयातील तीनशेच नावे यादीत असतील, तर त्याच्या लेखी ते महाविद्यालय म्हणजे एक छोटी गल्ली होय.

याची दोन उदाहरणे एकाच वर्षातली आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी पुण्यात रस्त्यावर उतरले आणि २५ ऑगस्टची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलणे लोकसेवा आयोगाला भाग पडले. विधानसभा निवडणूक तोंडावर होती, म्हणून सर्व पक्षांचे नेते त्यांच्याकडे धावले. परंतु त्या तरुणांपैकी ज्यांची मते गावी होती, त्यांच्या रोषाची नोंद ना पुण्याच्या आमदाराच्या हिशेबात झाली, ना गावच्या. आंदोलन एका ठिकाणी आणि मत दुसऱ्या ठिकाणी, अशी शक्तीची फाळणी झाली. त्याच वर्षी राज्य सरकारने महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी ‘लाडकी बहीण’ योजना आणली. तिच्या गुणदोषांची चर्चा निराळी. पण ज्या समूहाची मते मोजली जातात त्याच्यासाठी तिजोरीचे कुलूप किती लवकर उघडते, हे तिने दाखवून दिले. आणि या योजनेची किमान वयोमर्यादा होती एकवीस वर्षे. अठरा ते वीस वर्षांच्या, म्हणजे पदवीचे शिक्षण घेत असलेल्या मुली तीत नव्हत्या. एवढ्या एका गोष्टीवरून सरकारचा हेतू ठरवता येणार नाही. पण ज्यांची नावे यादीत विरळ, त्यांचा विचार मागाहून होतो, हा राजकारणाचा जुना अनुभव आहे.

दुसरा आक्षेप असा की सगळे पक्ष सारखेच. पक्षांतरांनी आणि फुटींनी महाराष्ट्रात जे घडवले, ते पाहून तरुण असे म्हणाला तर त्याला दोष देता येणार नाही. पण नकारसुद्धा मोजला जावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयाने ‘नोटा’चा पर्याय मिळाला, आणि २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये तो चक्क दुसऱ्या क्रमांकावर राहिला. घरी बसलेल्याचा नकार आणि आळशाचा आळस यांत मतमोजणीला फरक करता येत नाही. केंद्रावर जाऊन दिलेला नकार निदान आकड्यात उतरतो.

तरीही सारा दोष तरुणांच्या पदरी घालून चालणार नाही. लोकशाहीची सवय मतदानाने लागते, आणि ती सवय आपल्या व्यवस्थेनेच मोडली आहे. पुणे आणि मुंबई महापालिकांची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. त्यानंतरची जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकांचा कारभार होता. मार्च २०१७ मध्ये अठरा वर्षांचा झालेला तरुण आपले पहिले महापालिका-मत देईपर्यंत सव्वीस ओलांडून गेला. त्याचे सारे महाविद्यालयीन आयुष्य नगरसेवकासाठी मत न देताच सरले. महाविद्यालयाच्या आतही निराळे चित्र नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुकीऐवजी गुणवत्तेनुसार नेमणूक आणली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. पण नियमित निवडणुकांचा प्रघात अद्याप रुजलेला नाही. वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याइतकी अक्कल ज्याला नाही असे आपण मानतो, त्यालाच देशाचे सरकार निवडण्याचे आवाहन करतो. हिंसाचाराचे कारण पुढे केले जाते. पण गुंडगिरीवर इलाज म्हणजे निवडणूक चोख घेणे. ती बंद करणे हा इलाज नव्हे. त्या न्यायाने गावोगावच्या ग्रामपंचायतीही बंद कराव्या लागतील.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, निवडणुकीच्या घोषणेची वाट पाहू नये. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवे नाव घालता येत नाही. आणि स्थानिक संस्थांसाठी विधानसभेचीच, आधीच्या ठरावीक तारखेची यादी वापरली जाते. म्हणून नोंदणीचा खरा हंगाम म्हणजे प्रवेशाचा हंगाम. जून-जुलैमध्ये महाविद्यालयाच्या फाटकाशी टेबल टाकावे, दाखल्यासाठी प्राचार्यांना आधीच भेटावे, आणि भरलेल्या अर्जांचे पुढे काय झाले याचा पाठपुरावा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे करावा. अर्ज भरून घेणे सोपे. नाव यादीत छापून आलेले पाहणे हेच काम. दुसरी गोष्ट, वसतिगृहे, विशेषतः मागासवर्गीय आणि आदिवासी मुलामुलींची शासकीय वसतिगृहे, आधी घ्यावीत. सुखवस्तू वस्त्यांची काळजी इतर घेतातच. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. नाव नोंदवताना मत कोणाला देणार हे विचारू नये. आपल्या टेबलावर नाव नोंदवून जो उद्या आपल्याविरुद्ध मत देईल, त्याचाही अर्ज तितक्याच निगुतीने भरला पाहिजे. त्याने आपल्या उमेदवाराची चार मते कमी होतील. पण प्रौढ मतदानाचा आग्रह समाजवादी चळवळीने धरला तो केवळ आपले उमेदवार निवडून यावेत म्हणून नव्हे.

पुढील लोकसभा आणि विधानसभा निवडणुका २०२९ मध्ये अपेक्षित आहेत. त्या वेळी प्रथम मत देऊ शकणारी मुले आज शाळेच्या शेवटच्या इयत्तांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत बसली आहेत. त्यांना उपदेशाची गरज नाही. कोरा अर्ज आणि तो तडीस नेणारा कार्यकर्ता यांची गरज आहे.