पाणी घातलं होतं की!

बदलापूर पूर्वेला आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या वन रूम किचनच्या खिडकीत अँथुरियमची कुंडी होती. तीन वर्षे ती नेमाने फुलली. मग आईच्या आजारपणासाठी मैत्रीण पंधरा दिवस माहेरी गेली. जाताना "अहो, झाडाकडे बघा हं" एवढे सांगून गेली. परत आली तेव्हा पाने पिवळी पडली होती, देठांनी माना टाकल्या होत्या. नवरा खरोखरच चकित झाला. "अगं, रोज न चुकता तांब्याभर पाणी घातलं होतं की!"

घातले होते, यात शंका नाही. झाडाचा जीव त्या पाण्यानेच जायची वेळ आली होती.

अँथुरियम हे मूळचे कोलंबिया-इक्वेडोरच्या पावसाळी जंगलांतले, आपल्या अळूच्या कुळातले झाड. (अळूसारखेच खाजरे. रांगते मूल असेल तर कुंडी उंचावर हवी.) त्याच्या मुळांना ओल लागते तशी हवाही लागते. कुंडीत चिकणमाती भरून ती सतत भिजत ठेवली की मुळे कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाने मलूल होतात. बघणाऱ्याला वाटते झाड तहानले आहे, आणि तो आणखी एक तांब्या ओततो.

मैत्रीण काय करत होती? नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा, विटांचे खडे आणि थोडे शेणखत असे मिश्रण तिने भरले होते. बोटाची दोन पेरे आत घालून बघायची आणि कोरडे लागले तरच पाणी द्यायची. बशीत साठलेले ओतून टाकायची. पावसाळ्यात कधी आठवडाभर पाण्याची गरज पडत नसे. एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कुंडी पश्चिमेच्या उन्हातून काढून उजेड येईल पण ऊन लागणार नाही अशा जागी न्यायची. आरओ मशीनमधून वाया जाणारे पाणी मात्र कधी घातले नाही. त्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात.

यातले काहीच तिने नवऱ्याला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे काही आहे असे तिलाही वाटले नव्हते.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि ते करणारे पुरुष ९७, असे दिसले. अशा पाहण्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात झाडांची निगाही घरकामातच धरली आहे, ही चांगली गोष्ट. पण तिथे मोजली जातात ती मिनिटे. तांब्या ओतायला अर्धे मिनिट लागते आणि ते त्याच्या खात्यावर जमा होते. आज पाणी हवे की नको हे डोक्यात ठेवण्याला किती मिनिटे लागतात? ती तर गाडीच्या दारात लटकतानाही ते डोक्यात ठेवूनच असते.

बैठकीत एकीने हरकत घेतली. ज्या वस्त्यांत प्यायला पाणी नाही तिथल्या बायकांपुढे शोभेच्या कुंडीची चर्चा करायची का? हरकत रास्त आहे. बारवी धरण बदलापूरच्या उशाला असूनही उल्हासनगरपासून इथपर्यंत कितीतरी घरांत बाईने कधी झोपायचे आणि कधी उठायचे हे नळ ठरवतो. पण नळ किती वाजता येतो, पिंपात किती उरले, गॅस कधी संपेल, पोराचे अंग गरम लागते का, हे सगळे लक्षात ठेवणारी कोण? उल्हासनगरच्या कॅम्पातल्या खोलीत पत्र्याच्या डब्यात तुळस असते, तिच्याकडे बघणारीही तीच. कुंडी महाग की डबा फुकटचा, याने त्यात फरक पडत नाही.

दुसरी पळवाटही ओळखीची आहे. झाड वाळू लागले की "तुझी हौस", आणि पाहुणे आले की "आमच्याकडे फुलं बघा".

पण थोडे आपल्याकडेही बघू. "त्यांना नाही जमायचं" हे आपण जरा अभिमानानेच म्हणतो. घरातली ही एकच गोष्ट बाईने स्वतःच्या मनाने निवडलेली असते, ती दुसऱ्याच्या हाती देववत नाही. मला हे समजते. तरीही मला वाटते, नुसता तांब्या देऊन भागत नाही, सगळी कुंडीच द्यावी लागते, आणि दिल्यावर चार पाने पिवळी पडताना गप्प बसावे लागते. हे फार जड जाते. आमच्या मैत्रिणीला तर दोनदा जीभ चावावी लागली.

तिने झाड टाकून दिले नाही. दोघांनी मिळून कुंडी उपसली, कुजलेली काळी मुळे कापली, चांगली पांढरी ठेवली आणि कोरड्या मिश्रणात झाड पुन्हा लावले. आता कुंडी त्याची आहे. मध्ये ती चार दिवस गावी असताना त्याचा फोन आला. आईच्या तब्येतीची चौकशी करून झाल्यावर म्हणाला, "वरचं सुकलंय, पण आत गार लागतंय. थांबू का आज?" ती म्हणाली, "तुम्ही बघा." त्याने पाणी घातले नाही. एक नवे पान आले आहे. फूल अजून नाही.